काचेची पट्टी

आमच्या इमारतीच्या रस्त्याकडच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा इंजिनिअरने त्यावर बोटभर काचेची पट्टी आडवी चिकटवून दिली. "ही फुटली तर भिंत हलतेय असं समजा," एवढंच म्हणाला. तेव्हापासून येताजाता आमची नजर तिकडे जायची, घरातल्या आजारी माणसाच्या चेहऱ्याकडे जाते तशी.

यंदा सोसायटीने दर्शनी बाजूला निळ्या काचेचं आवरण बसवून घेतलं; तडा आणि पट्टी दोन्ही त्यामागे गेली. तड्याचं पुढच्या वर्षी बघू, असं मीटिंगमध्ये ठरलं. इमारत सुरेख दिसते, हे खरंच. रिक्षावालेही आता तिला निळी बिल्डिंग म्हणतात.

आज सकाळी दूध घेऊन येताना शेजारच्या लिमयेकाकू फाटकाशी थांबलेल्या दिसल्या. पट्टी होती तिथेच त्या बघत होत्या.

"काकू, आता दिसत नाही ती."

"माहितेय गं. पण शाबूत दिसली की दिवसभर बरं वाटायचं. आता कशावरून समजायचं?"

माणसंही अशी दुखणी अंगावर काढतात, छान कपडे घालून, हसतखेळत. आपण त्यांच्या दिसण्याचं कौतुक करतो आणि तिथेच विचारपूस संपते.

मीही वर पाहिलं. काचेत ढग होते, समोरचा गुलमोहर होता, तारेवरचा कावळाही होता. आमची भिंत तेवढी नव्हती.

"चल, दूध नासेल," काकू म्हणाल्या, आणि आम्ही दोघी त्याच भिंतीखालून आत गेलो.