राव सारांची उन्हातली दिवटी

राव सारांना, म्हणजे इकडच्या तमिळ बोलीत राव सरांना, शहरातल्या एका मोठ्या नाट्यसंस्थेने फसवलं. त्यांनी उभं केलेलं नाटक घेतलं, त्यातला जीव काढून ठेवला आणि पत्रिकेवर नाटककाराच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापलं. हे पहिल्याच ओळींत लिहितो, कारण माणूस गेल्यावर अशा गोष्टी शेवटी, मऊ शब्दांत सांगायची पद्धत आहे आणि मला ती जमत नाही. सात आठवड्यांपूर्वी त्यांची मुलगी सुमती हिचा सकाळी फोन आला, तेव्हा मी श्रीपेरुंबुदूरच्या कारखानापट्ट्यातल्या माझ्या गोदामात हातमोज्यांची खोकी उतरवून घेत होतो. “शिंदेमामा, अप्पा गेले,” एवढंच ती म्हणाली. वेस्ट मांबलमच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर पोचलो तर जिन्यात चपलांना जागा नव्हती. कंपन्यांच्या गणवेशातली माणसं रस्त्यापर्यंत उभी होती. आत सारांच्या पायाशी त्या संस्थेचा भला मोठा हार होता आणि त्याला अडकवलेल्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘लोककलांचे निस्सीम रसिक’. रसिक! मी तो हार उचलून बाहेर ठेवायला निघालो, तर सुमतीने मनगट धरलं. “मामा, आज नको. नंतर भांडा.” ते ‘नंतर’ आता आलं आहे.

मी बार्शीकडचा. कंत्राटी कामगार म्हणून इकडे तमिळ मुलखात आलो आणि आज कारखान्यांना हातमोजे, बूट, चष्मे पुरवतो. भाव करण्यात मला हरवणारा माणूस या पट्ट्यात नाही, आणि माझा राग प्रत्येक गेटवरच्या वॉचमनला ठाऊक आहे. सारांची गाठ त्या रागामुळेच पडली. एका शुक्रवारी दुपारी, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी, माझा टेम्पो एका कारखान्यासमोर गर्दीत अडकला. एका बाजूला कंपनीच्या बसगाड्या, दुसरीकडे चहाची टपरी आणि मधोमध पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसलेला एक सडपातळ म्हातारा भर उन्हात पेटलेली दिवटी धरून संबळावर नाचत होता. मी खिडकीतून डोकं काढून गावाकडच्या दोन शिव्या हासडल्या. संबळ थांबला. म्हातारा टेम्पोपाशी आला आणि हात जोडून म्हणाला, “अजून एक द्या हो. माझे आजे गेल्यावर अशी मराठी कानी पडली नाही.” सगळी गर्दी हसली. काय कळलं त्यांना, देव जाणे... मी खाली उतरलो. माल त्या दिवशी दोन तास उशिरा पोचला.

सारांचं घराणं तंजावरकडचं मराठी. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात काढूनही घरात लग्न झालं की गोंधळ घालायचाच, हा त्यांचा कुलधर्म. संबळ वाजतो, दिवटी पेटते आणि गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावतात, की या, गोंधळाला या. सारांनी नोकरी केली ती सरकारी कचेरीत, कारखान्यातल्या अपघातांच्या तक्रारी नोंदवायच्या टेबलावर. कोणाचं बोट गेलं, कोणाचा डोळा गेला, सगळं त्यांच्या हातून फायलीत गेलं आणि तिथेच राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आजोबांची दिवटी माळ्यावरून काढली आणि गोंधळ कारखान्याच्या दारात आणला. तमिळ बोलीत, आमच्या संबळावर, तिथल्या तेरुकुत्तूच्या, म्हणजे रस्त्यावरच्या लोकनाट्याच्या, गिरक्या घेत. मालक, साहेब, इन्स्पेक्टर अशी सोंगं व्हायची, लोक हसून बेजार व्हायचे. पण सुरुवातीच्या बोलावण्यात देवांच्या जागी माणसं असत. “प्रेस शॉपच्या सेल्वमा, दोन बोटांच्या धन्या, गोंधळाला ये!” असं सार पुकारायचे आणि गर्दी एका आवाजात ओरडायची, “वंदाच्चु!” म्हणजे, आला! मग तो सेल्वम गर्दीतून पुढे येऊन आपला उजवा हात दिवटीपुढे धरायचा. तीन बोटांचा; बाकीची दोन पत्रा दाबायच्या प्रेसने नेलेली. त्या क्षणी बसचे ड्रायव्हरसुद्धा इंजिन बंद करायचे.

मी एकदा विचारलं, “सार, उन्हात दिवटी कशाला? तेल वाया.” ते आपलं नेहमीचं तमिळ ‘पा’, म्हणजे ‘बाबा’, जोडून म्हणाले, “सेल्वमची बोटं भर दुपारी गेली, पा. कोणास दिसली?” पुढच्या शुक्रवारी तेलाचा डबा मीच टेम्पोतून नेला.

त्यांचा एक नियम होता. न विचारता कोणाचं नाव पुकारायचं नाही. ज्याचं नाव घ्यायचं त्याच्या खोलीवर स्वतः जायचे, लग्नाचं बोलावणं करतात तसं. हळदीच्या अक्षता पुढे धरायचे आणि सांगायचे की शुक्रवारी चारचौघांत तुझं नाव घेईन, तुला पुढे यावं लागेल, जे झालं ते सांगावं लागेल. अक्षता हातात घेतल्या तर होकार. नाही घेतल्या तर चहा पिऊन परत. कितीतरी खोल्यांमधून ते नुसता चहा पिऊन परतले आहेत, कारण नोकरीची भीती सगळ्यांनाच. त्या प्रेसला संरक्षक जाळी नव्हती. सारांनी सलग तीन शुक्रवार सेल्वमला बोलावलं. पोलीस आले, “परवानगी?” म्हणाले, तर सार शांतपणे उत्तरले, “कुलधर्माला कोण परवानगी मागतो, सार?” चौथ्या शुक्रवारच्या आत जाळी बसली. हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याच कारखान्याला मी वर्षानुवर्षं हातमोजे विकत होतो आणि त्या मशीनकडे एकदाही बघितलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो.

मग ती संस्था आली. संचालक लोककलांचे गाजलेले अभ्यासक, खादीचा कुर्ता, बोलणं लोण्यासारखं. हे नाटक थंडगार सभागृहात करू म्हणाले. सारांनी मला पुढे केलं. “शिंदे, तुम्ही बोला. मज हे जमत नाही.” मी बोललो. तालमींना गाडी मागितली, मिळाली. सेल्वम आणि मंडळींना पहिल्या रांगा मागितल्या, मिळाल्या. संबळवाला आमचाच हवा, मान्य. प्रत्येक तालमीला जेवण, मान्य. मी छाती फुगवून बाहेर पडलो. समोरचा इतक्या पटापट मान्य करतो तेव्हा खरा माल दुसरीकडे असतो, हे मी रोज लोकांना शिकवतो... आणि चार पानी करारातल्या तिसऱ्या पानावरची एक ओळ माझ्या डोळ्यांखालून निघून गेली. ‘पारंपरिक लोकरूपावर आधारित, संकल्पना व दिग्दर्शन संचालकांचे.’ सारांनी मी बोट ठेवलं तिथे सही केली. त्यांनी मला शेवटपर्यंत बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी आम्ही पहिल्या रांगेत होतो. सभागृहात ज्वाळेला बंदी, म्हणून नटाच्या हातात बॅटरीवर चालणारी दिवटी. पडदा वर गेला, संबळ वाजला आणि बोलावणं सुरू झालं. तुळजापूरची भवानी ये, कोल्हापूरची अंबाबाई ये. सगळे देव परत आले होते. माणूस एकही नव्हता. सेल्वम माझ्या शेजारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात सार उठले. माइक नाही, दिवा नाही, सत्त्याहत्तर वर्षांचा आवाज. “प्रेस शॉपच्या सेल्वमा, दोन बोटांच्या धन्या, गोंधळाला ये!” आमच्या रांगा गरजल्या, “वंदाच्चु!” सेल्वम उठला आणि त्याने हात वर धरला. मग पुढचं नाव, मग त्यापुढचं... रंगमंचावरचा संबळवाला आमचाच होता, त्याने सारांना ठेका दिला. नट बाजूला सरकले. मागच्या रांगांमधली रेशमी साड्यांतली माणसंही शेवटी ओरडू लागली. नाटक म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. आयुष्यात इतका अभिमान मला स्वतःच्या गोदामाचाही वाटलेला नाही.

नंतर बाहेर मी संचालकांचा रस्ता अडवला. ते हसत म्हणाले, “मिस्टर शिंदे, परंपरा कोणा एकाची नसते.” मी म्हणालो, “मग तुमचं नाव तेवढं कसं छापलं?” माझा आवाज चढला, हातही चढला असता. सारांनी मला मागे ओढलं. “एवढा कोप कशाला, पा? नाव माझं नको. सेल्वमचं का काढलं, ते विचारा.” ते विचारलं. संचालक गाडीत बसून निघून गेले. पुढच्या प्रयोगांच्या पत्रिकेत मात्र एक ओळ वाढली, ‘प्रेक्षकांचा उत्स्फूर्त सहभाग’.

दिवटी आता माझ्या गोदामात, हातमोज्यांच्या खोक्यांवर ठेवलेली असते. सुमतीनेच आणून दिली. मुठीपाशी तेलाने काळं झालेलं फडकं सारांनी गुंडाळलेलं आहे, ते मी बदललेलं नाही. शुक्रवारी दुपारी सेल्वम येतो, ती तीन बोटांत घट्ट धरतो आणि आम्ही गेटवर जातो. आता पहिलं नाव आम्ही सारांचं पुकारतो. त्यांना अक्षता कशा द्यायच्या, म्हणून सुमतीने त्या त्यांच्या फोटोपुढे ठेवल्या.

गेल्या सोमवारी मी संस्थेच्या कचेरीत गेलो. भांडलो नाही. संचालकांपुढे हळदीच्या अक्षता धरल्या. त्यांनी हसून, दोन्ही हातांनी घेतल्या, अगदी कपाळालाही लावल्या. लोककलेच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाला त्याचा अर्थ ठाऊक असणारच. नसेल, तर वर लिहिला आहे. तेव्हा, संचालकसाहेब, येत्या शुक्रवारी, शिफ्ट सुटताना, उन्हात तुमचं नाव पुकारलं जाईल. पुढे या, दिवटीपुढे उभे राहा आणि सेल्वमला सांगा, त्याचं नाव का काढलंत.