तांबड्या केसांची भिंत

शहात गावात यादमला लोक 'खुंटा' म्हणत. तंबूचा खुंटा. ठोकला की ठोकला. बारा वर्षांत हा माणूस शेजारच्या बैदा शहराच्या पलीकडे गेला नव्हता, आणि बैदालाही सकाळी गेला तर दुपारच्या नमाजाला घरी हजर. सख्ख्या भावाच्या मयताला बेनगाझीला गेला नाही. एकुलती एक मुलगी नुवारा इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाकडे दिली, तर तिला पोचवायला हा सीमेपर्यंतही नाही. सगळ्यावर कडी म्हणजे हजच्या सोडतीत त्याच्या आणि त्याची बायको रबहाच्या नावाची चिठ्ठी निघाली, गल्लीत मिठाई वाटून झाली, आणि हा म्हणतो, "यंदा नको." अल्लाच्या घरचं बोलावणं, आणि यंदा नको!

मशिदीचे शेख बूखतवा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "यादम, त्या चिठ्ठीसाठी लोक रडतात रे." यादमने मान खाली घातली. रबहा चिडेल, आदळआपट करेल असं त्याला वाटलं होतं. पण ती गुडघे चोळत बसली आणि म्हणाली, "माझ्याच्यानं तरी कुठं एवढं चालवणार होतं?" यादमने सुटकेचा निःश्वास टाकला. बायको म्हातारी होत चालली याचा आनंद मानण्याची वेळ माणसावर येऊ नये, पण त्याच्यावर आली होती.

यादम गवंडी. ग्रीकांच्या पडक्या शहरात डागडुजी करणारा, खात्याच्या पगारावरचा. त्याची आई तर थडग्यातच जन्मली होती. यात नवल काही नाही. सूसाच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ग्रीकांनी आपल्या मेलेल्यांसाठी डोंगर पोखरून दालनं केली, आणि पुढे दोन-अडीच हजार वर्षांनी आमच्या लोकांनी तिथे शेळ्या बांधल्या, चुली मांडल्या, संसार केले. ज्या कोनाड्यात त्यांनी प्रेतं ठेवली, त्यात आमच्या आज्यांनी बाळं निजवली. नंतर वर गावात घरं मिळाली आणि सगळे वर आले, तरी भिंतींवरची आमची काजळी अजून आहे.

त्या थडग्यांवर ग्रीकांनी बायका बसवल्या होत्या. संगमरवरी, कमरेपासून वरच्या. केसांची बटन् बट कोरलेली, ओढणीच्या चुण्या मोजून घ्याव्यात अशा, आणि चेहऱ्याच्या जागी काही नाही. फुटलेला नव्हे, मुळात घडवलेलाच नाही. म्युझियमचे साहेब उस्ताद फदलल्ला सांगत, की ही पाताळातली देवी, मेलेल्याला न्यायला अर्धी जमिनीतून वर आलेली, आणि असली मूर्ती या शहराबाहेर क्वचितच सापडते. यादमला देवीशी कर्तव्य नव्हतं, पण दगडात काम करणाऱ्याचा हात त्याला कळत असे. ओढणीवरून बोट फिरवून तो म्हणे, "ज्याला एवढं जमलं त्याला नाक जमलं नसतं? मुद्दाम ठेवलंय." रबहाचं मत वेगळं होतं. "चेहरा नाही तेच बरं. पोटात काय आहे ते कुणाला कळायला नको."

बारा वर्षांपूर्वी देशात लढाई सुरू झाली, त्या हिवाळ्यात बातम्या येऊ लागल्या, की अमक्या ठिकाणचं म्युझियम लुटलं, तमक्या ठिकाणच्या मूर्तींची मस्तकं छाटून नेली. एका शुक्रवारी, सगळं गाव मशिदीत असताना, चौघांनी नमाज बुडवला. उस्ताद फदलल्ला, पहारेकरी अतिया, ड्रायव्हर बिलगासिम आणि यादम. धुकं असं दाट होतं की पुढची गाडी दिसत नव्हती. घोंगड्यांत गुंडाळलेल्या तेवीस बिनचेहऱ्याच्या बायका आणि पेटीभर मस्तकं त्यांनी तिसऱ्या वळणावरच्या एका थडग्यात, शमारीच्या झाडामागे, अगदी आतल्या दालनात नेऊन ठेवली. मग यादमने दालनाच्या तोंडावर भिंत घातली. गिलावा दगडाला धरून राहावा म्हणून चुन्यात शेळीचे केस मिसळावे लागतात, म्हणून घरातून रबहाच्या तांबड्या शेळीच्या केसांचं अर्धं पोतं त्याने न विचारता आणलं होतं. वरून माती फासली. भिंत डोंगराचाच भाग दिसू लागली.

फदलल्लांनी खिशातून कुराण काढलं. चौघांनी हात ठेवला. "चौघांनी मिळून बांधली, चौघं मिळूनच उघडू. तोवर कुणाही माणसाला सांगणार नाही."

शपथ घेताना माणूस सगळे जिवंत राहणार असं धरून चालतो, एवढा तो मूर्ख असतो. तिसऱ्या वर्षी फदलल्ला आजारात गेले. पाचव्या वर्षी अतियाची गाडी त्याच वळणांवरून खाली गेली. बिलगासिम आजारी पोराला घेऊन इटलीच्या नावेत बसला आणि पोचला की बुडाला ते आजतागायत कळलं नाही. उरला यादम. चौघं आता या जगात तरी एकत्र येणार नव्हते. खात्यात साहेब येत-जात राहिले, एक या सरकारचा कागद दाखवी, दुसरा त्या सरकारचा. सांगायचं कुणाला? घरी मरताना निदान शेवटच्या घटकेला कुणाच्या कानात घालता येईल. पण न सांगता आपण कुठल्या तरी परक्या गावी पटकन मेलो तर? मग तेवीस बायका कायमच्या पुरल्या गेल्या. म्हणून तो हलत नव्हता. एवढंच होतं खुंट्याचं रहस्य.

दर वसंतात हिवाळ्यातला पाऊस संपला की तो रस्त्यावरूनच, पावलांचे ठसे उमटू नयेत म्हणून लांबून, भिंतीकडे बघून येई. एक तडा नाही! आत कितीही घुसमट होवो, त्या दिवशी त्याची छाती फुगे. असा गिलावा ग्रीकांच्या बापालाही जमला नसता.

त्या अर्ध्या पोत्याने मात्र घात केला होता. रबहाने आळ घेतला शेजारच्या जाझियावर. दोघी माहेरच्या एका तंबूतल्या, एका ताटात जेवलेल्या. "माझ्या तांबडीचे केस तूच उचललेस!" म्हणून रबहा कुंपणावरून कडाडली, आणि तेव्हापासून अबोला. बारा वर्षं! जाझिया निर्दोष आहे हे यादमला ठाऊक. जाझियाचं नाव निघालं की तो भिंतीकडे तोंड करून चहा पीत बसे.

आणि मग या वर्षी त्याचं हृदय बिघडलं. दहा पावलं चढला की धाप. बैदाच्या डॉक्टरने सांगितलं, "झडप आकसलीय. तीन महिन्यांत ऑपरेशन, तेही अलेक्झांड्रियात. नाहीतर मी जबाबदार नाही." नुवाराचा रोज फोन. "बाबा, दोघंही या. सगळं ठरवलंय. आईला एकटी ठेवू नका." तो म्हणे, "बघू." एक महिना बघण्यात गेला. दुसराही गेला. इथे थांबलं तर मरण, आणि तिकडे टेबलावर मेलं तर भिंतीचंही मरण.

शेवटी तो शेखांकडे गेला. "एका माणसानं शपथ घेतली होती. ती आता पाळता येत नाही. मोडायची तर काय करावं?"

शेख हसले. "त्या माणसाला सांग, दहा गरिबांना जेवू घाल. तेही जमत नसेल तर तीन दिवस रोजे धर. त्या माणसाची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," यादम म्हणाला आणि धापा टाकत पायऱ्या उतरला.

दहा गरीब शहातमध्ये आणायचे कुठून? इथे सगळे एकमेकांचे चुलते-मावसे, 'मी गरीब' म्हणून ताटावर बसेल असा कोण? शिवाय कुणी दहा जणांना जेवायला घातलं की संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा, 'कसली शपथ मोडली रे यानं? बायकोला सोडायची तर नव्हे?' बारा वर्षं लपवलेली गोष्ट भाताच्या परातीवरून बाहेर पडायची. जेवण घालणं त्याच्या आवाक्यातलं होतं, रोजे खरं म्हणजे त्याच्यासाठी नव्हते, हे त्याला कळत होतं. तरी त्याने रोजे धरायचे ठरवले. तीन दिवस, गुपचूप, गोळ्यांसकट सगळं बंद. मग चौथ्या दिवशी फक्त रबहाला सांगायचं आणि अलेक्झांड्रिया गाठायची.

पहिल्या दिवशी रबहाने झुम्मितेची वाटी पुढे ठेवली. भाजलेल्या सातूचं पीठ, तेल, वरून आमच्या डोंगराचा कडू मध. तो "बाहेर उन्हात खातो" म्हणून उठला आणि वाटी शेळीपुढे धरली. त्या जुन्या तांबडीचीच ही पणती, तशीच तांबडी. दुसऱ्या दिवशी ती वाटीची वाट बघत दारातच उभी.

दुपारी रबहा बाहेर आली. शेळीचा जबडा धरून म्हणाली, "हिच्या तोंडाला झुम्मिता कशी?"

"सांडली असेल."

"दोन दिवस सांडतेय? ओठ बघ तुझे. रमजान पाच महिन्यांवर आहे, नुवाराच्या बापा. कसली शपथ मोडतोयस?"

यादमच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. "परवा सांगतो. उद्या तिसरा आहे, तेवढा होऊ दे."

"परवापर्यंत जगलास तर ना!" ती आत गेली, गोळ्या आणि पाणी घेऊन आली, आणि त्याच्यासमोर खाली बसली. "पी मुकाट्यानं. भिंतीचंच ना?"

त्याने पेला न पिताच खाली ठेवला.

"कुठली भिंत?"

"तिसऱ्या वळणावरची. शमारीमागची. आणखी किती बांधल्यास?"

"तुला कुणी..."

"कुणी कशाला सांगायला हवं? त्याच वर्षी डोंगरावर झातरचा पाला खुडायला गेले होते. गिलाव्यातून केस बाहेर आलेला, तांबडा. माझी शेळी मी ओळखणार नाही? म्युझियम रिकामं झालं आणि तुझ्या अंगरख्याला चुना. आत तुझ्या त्या बिनतोंडाच्या सवती, दुसरं कोण असणार?"

यादमने शेळीच्या तांबड्या पाठीकडे बघितलं. मग त्याला राग आला. उपाशीपोटी येतो तसला, आंधळा. "बारा वर्षं! बारा वर्षं मी आतल्या आत मेलो आणि तू एक शब्द बोलली नाहीस?"

"तू बोललास?"

"मग जाझियाला का बोलली नाहीस? ती चोर नाही हे कळल्यावर?"

रबहाचा आवाज पहिल्यांदाच बसला. "काय बोलू? चूक झाली म्हटलं की ती विचारणार, मग केस गेले कुठं? तिला ओळखतोस ना, मुळापर्यंत गेल्याशिवाय सोडत नाही. तिच्या पोराच्या लग्नात सगळं गाव नाचलं आणि मी इथं दार लावून बसले. मला काय दगडाचं काळीज आहे?"

यादमला तिच्याकडे बघवेना. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्याने आपल्याजवळचं एकमेव चांगलं पुढे केलं. "भिंत मात्र पक्की घातली हं. बारा पावसाळे झाले. एक तडा नाही."

रबहा ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "दर वर्षी तडकते."

"काय?"

"कधी डाव्या कोपऱ्यात, कधी खाली, दर वेळी नव्या जागी. आत बोट जाईल एवढी. पाऊस संपला की मी भरते. दिवसभर जाऊन एवढासाच झातर आणलास म्हणून हसतोस ना मला? बादलीत चुना असतो, झातर वरून."

यादमने डोळे मिटले. दर वसंतात रस्त्यावर उभा राहून फुगवलेली ती छाती त्याला आठवली, आणि तिचे गुडघे, आणि ती तिसऱ्या वळणावरची चढण. "आणि हज?" त्याने विचारलं. "खरंच गुडघे दुखत होते?"

"दोघांपैकी एकानं इथं राहायला हवंच होतं. तू जातो म्हणाला असतास तरी माझे दुखणारच होते."

"मी शपथेत अडकलो होतो गं."

"तू अडकलास," रबहा म्हणाली. "मी कुठं शपथ घेतली होती?"

ती उठली आणि वाटीत पुन्हा झुम्मिता कालवू लागली. यादम रडत होता, आणि ते लपवायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

चार दिवसांनी सकाळी गाडी आली. यादमची पिशवी भरलेली. रबहाची नव्हती.

"नुवाराला काय सांगू?"

"गुडघे सांग."

"अगं, दोन महिन्यांत काय कोसळणार आहे?"

"पाऊस तोंडावर आलाय. आणि तू तिकडे टेबलावर झोपणार. इथं कुणीतरी नको का?"

तो पिशवी घेऊन घुटमळला. गवंडीपणा गप्प बसू देईना. "चुना जास्त दिवस भिजव. पाणी कमी. केस बारीक कापून घे."

"तुझा तडकला. माझा टिकला. जा आता."

तेवढ्यात जाझिया आपल्या दारातून बाहेर आली. बारा वर्षांत पहिल्यांदा ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली, हातात कडू मधाची बरणी. "दुखणं ते दुखणं," ती यादमला म्हणाली. "वाटेत घे. बरा होऊन ये, भाऊ." आणि मग, रबहाकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं, "मागे एकटीला काही लागलं तर मी आहे."

यादमने बरणी घेतली. शब्द ओठांवर आले होते. पोतं मी नेलं होतं, जाझिया. एवढंच म्हणायचं होतं. त्याने रबहाकडे पाहिलं. तिने किंचित, अगदी किंचित, नाही म्हणून मान हलवली आणि ओढणी तोंडावर ओढून घेतली.

गाडी वळणावर आली तेव्हा त्याने मागे वळून बघितलं. जाझिया अजून कुंपणाला धरून उभी होती. रबहा तिच्याकडे पाठ करून अंगणात खाली बसली होती आणि चुना चाळत होती.