टाचेपर्यंत

काचेच्या लांबट पेटीत आमचे हे झोपलेत. आत दाबाखाली ऑक्सिजन भरतात. तो रक्तात जास्त विरघळतो, टाचेच्या जखमेपर्यंत पोचतो आणि जखम भरायला मदत होते, असं डॉक्टर म्हणाले. जखमेच्या कडा गुलाबी झाल्यात खऱ्या. माझा संताप मात्र उतरत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेले, आणि भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. टाच भाजलेली कळलीसुद्धा नाही. "देवाच्या दारात चप्पल कशी घालू?" म्हणे. दाब दिला की श्वास टाचेपर्यंत जातो. बायकोचं बोलणं कानापर्यंत जायला किती दाब लागतो?

पेटी उघडली. हे बाहेर आले, मी पायात मऊ चप्पल सरकवली. दोन पावलं गेले, वळले, चप्पल काढली आणि पेटीला हात जोडले.