मोहाच्या वळणावरची सीट

उन्हं चढली की आमच्या गाडीतून मोहाचा वास येतो. गोड, किंचित आंबूस, डोक्यात रेंगाळणारा. शोभाचं, माझ्या बायकोचं, माहेर धानोऱ्याकडचं. दर चैत्रात तिथून वाळल्या मोहफुलांचं पोतं मागच्या सीटवर बसून आमच्या घरी कुरखेड्याला येतं आणि जाताना आपला गंध ठेवून जातं. आरशाला टांगलेल्या कितीतरी अत्तराच्या बाटल्या त्याच्यापुढे हरल्या. मला विचाराल तर बरंच झालं. गाडीलाही स्वतःचा असा एक ऋतू असावा, नाही का?

याच गाडीला या वर्षी आम्ही रॅलीसाठी सजवलं. हौशी लोकांची रॅली, डांबरी रस्त्यावरची. रस्ता काही तास बंद ठेवतात आणि एकेक गाडी घड्याळाशी शर्यत लावून सुटते. अट एवढीच, की गाडी रोजच्या वापरातली, रीतसर नंबराची हवी. म्हणजे आज वळणं कापायची आणि उद्या त्याच चाकांवर बाजार करायचा. आमच्या झाडीपट्टीत रात्री रंगमंचावर राजा झालेला माणूस सकाळी धानाच्या बांधीत चिखल तुडवताना दिसतो, तसंच हे. त्या मुकुटाचं आणि त्या चिखलाचं कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

बल्लारपूरला माझा जुना मित्र सलीम याचं गॅरेज आहे. त्याच्या अंगणात मागची सीट निघाली, टपावरचं कॅरियर उतरलं, नवे ब्रेक, नवे टायर, सीटवर बांधून घ्यायचे रुंद पट्टे आणि आग विझवायची लाल नळकांडी आली. खालचा गालिचा उचलला तर त्याखाली कित्येक चैत्रांची वाळकी फुलं! सलीम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, या गाडीले पेट्रोल कायले लागते? हे तं मोहावरच चालून राह्यली असन."

खरा पेच होता तो चालकाशेजारच्या सीटचा. तिथे बसणाऱ्याने वहीत टिपलेलं पुढचं वळण आधीच ओरडून सांगायचं असतं. त्याच्या शब्दावर चालक डोळे मिटून विश्वास ठेवतो म्हणा ना. सलीमने ती जागा मनोमन आपली मानली होती. शोभा मात्र शांतपणे म्हणाली, "बाजूले मी बसन."

"वहिनी, वही वाचून सांगा लागते. तुमाले तं बसमधीच मळमळते."

"वाचाचं काऊन? पाठ करन मी."

शेवटी ठरलं: या खेपेला शोभा, पण एक जरी वळण चुकलं तर ती सीट कायमची सलीमची. सलीम ताडमाड उंच. तिथे रॅलीची नवी सीट बसवताना त्याने ती आपल्या तंगड्यांच्या मापाने पार मागे बोल्टने कसली, जणू निकाल लागूनच गेला होता. शोभाचे पाय अधांतरी राहिले. तिने पाठीशी घडी घातलेली गोधडी लावली आणि त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रॅलीचा रस्ता तिच्या माहेरवाटेवरचाच होता. फाल्गुनात आम्ही तो फिरून आलो आणि तिने वळणांना पळसांची नावं दिली. मग आमच्या स्वयंपाकघरात भाताच्या वाफेतून मंत्र ऐकू येऊ लागले: "लाल पळस, डावं. जोडपळस, उजवं, लय घट्ट." काय आनंदाचे दिवस होते ते! संसारात इतकी वर्षं शेजारी बसूनही आपण एकाच रस्त्याकडे असं किती वेळा पाहतो?

रॅली चैत्रात होती. सकाळी तपासनिसाने गोधडी काढायला लावली. गाडीत सुटी वस्तू चालत नाही. मग रस्ता ओळखण्यासाठी सगळ्यांना एक संथ फेरी मिळाली, आणि शोभा काचेबाहेर आपले पळस शोधू लागली. पळस झडून गेले होते. लाल नव्हतं, जोड नव्हती, नुसती कोवळी हिरवी पानं सगळीकडे सारखी. फुलावर भरवसा ठेवून रस्ता मोजण्याची चूक आमच्याशिवाय कोण करणार? स्पर्धेचं मला फार नव्हतं. तिची जागा जाईल याचं वाईट वाटत होतं.

एवढ्यात तिचा हात काचेकडे गेला. "मोह हाये ना," ती पुटपुटली. आमच्याकडे फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन लख्ख करतात, वेचायला सोपं जावं म्हणून. त्या काळ्या जमिनीवर पहाटे गळलेली फिकट फुलं पडली होती. रस्ता बंद, म्हणून वेचायला कोणी आलं नव्हतं. उरलेली फेरीभर ती ओठांतल्या ओठांत पळस पुसून मोह लिहीत राहिली.

आमची पाळी आली. "मोह, डावं. दोन मोह, उजवं, घट्ट." तिचा आवाज इंजिनाच्या वर स्वच्छ येत होता आणि मी हसत होतो, हेल्मेटच्या आत, कोणाला दिसत नव्हतं तरी. मग एकदम: "समोर फुलाचा सडा रस्त्यावर पडला. घसरते. ब्रेक आताच दाबा." वळण अजून दिसतही नव्हतं; तिने ते फेरीतच हेरून ठेवलं होतं. मी दाबला. त्या फुलांवरून गाडी अलगद, मान खाली घालून गेली. लहानपणी टोपली घेऊन ती मोहाखाली किती वेळा घसरून पडली असेल, कोण जाणे.

चषक काही मिळाला नाही. पण त्या वळणावर बऱ्याच गाड्या नालीत उतरल्या होत्या आणि सलीम तिथेच बघ्यांत उभा होता.

घरी नेण्याआधी बल्लारपूरला मागची सीट परत बसवली. गालिचाखालची फुलं सलीमने झाडली नाहीत. टायरला चिकटलेला ताजा मोह तापून दरवळत होता. सलीम पाना घेऊन पुढच्या बाजूने आत शिरला, शोभाच्या सीटचे बोल्ट सोडले, सीट चांगली पुढे ओढली आणि पुन्हा कसली.

"बसून पाहा वहिनी. टेकते का पाय?"

ती बसली. टेकले.