एकच कडी

सूक्ष्मदर्शकात माझ्या लेकीचं रक्त दिसत होतं. गोल पेशींमध्ये काही पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या.

"हिमोग्लोबिनच्या लांब साखळीतली एकच कडी बदललीय," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानं पेशीचा आकार बिघडतो आणि आकार बिघडला की कामही बिघडतं. हा दोष आईवडील दोघांकडून आला, तरच सिकलसेल होतो."

मी दचकून आईकडे पाहिलं. तिला मात्र नवल वाटलं नव्हतं. नातीच्या दुखऱ्या पायावरून ती नुसता हात फिरवत राहिली.

"आई, माझ्यात हे आहे, हे तुला माहीत होतं?"

"तुझ्या शाळेतल्या तपासणीत कळलं होतं. सांगितलं असतं तर तुझं लग्न जमलं नसतं, बाई."

जिच्या शब्दावर मी डोळे मिटून चालले, तिनं एवढी एकच गोष्ट गाळली होती. आता तिची सगळी माया मला नव्यानं तपासून पाहावीशी वाटत होती.

बाहेर येऊन मी धाकट्या बहिणीला फोन लावला. तिचं लग्न नुकतंच ठरलं होतं.

"आत्ता नको गं," मागोमाग बाहेर आलेल्या आईनं हात जोडले.

मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि बोलत राहिले.