भाईदासच्या पाटावर

हिलालआबांनी कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली त्याला पाच वर्षं झाली, तरी त्यांची बायको प्रमिलाबाई अजून आल्यागेल्याला ती हकीकत सांगते. ऐकणारे हसतात. आबा हसत नाहीत. कारण कोथिंबीर सोडली तर बाकीचं धुणं अजून चालूच आहे. दाराची कडी, नळाची तोटी, भाजीची पिशवी, दूधवाल्यानं हात लावलेली बरणी. हात धुताना वीसपर्यंत आकडे मोजायचे, मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा एकपासून. बोटांना भेगा पडल्या आहेत, त्यात साबण झोंबतो, आणि झोंबला की आबांना जरा बरं वाटतं.

आणि हा माणूस कोण? एकतीस वर्षं एसटीचा कंडक्टर! शिरपूर आगार. साक्रीच्या गाडीत माणसं एकमेकांच्या अंगावर रेललेली, कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या गालात तंबाखूचा तोबरा, आणि गाडी वळणं घेऊ लागली की जागच्या जागी ओकाऱ्या. आबा त्यावर राख टाकायचे, बोटाला थुंकी लावून पुढचं तिकीट फाडायचे आणि पुढे सरकायचे. कसली शिसारी नि कसलं काय! ड्रायव्हर भाईदास आणि ते सतरा वर्षं एका गाडीवर होते. डबा एकच उघडायचा, दोघांनी त्यात हात घालायचे. भाईदास अर्धी चावलेली मिरची 'हिच्यात दम नाही' म्हणून यांच्या भाकरीवर ठेवायचा आणि हे ती खायचे.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. भाईदासला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि तो परत आलाच नाही. तेव्हा कुणालाच जाऊ देत नव्हते, हे खरं. पण पुढे लोक त्याच्या घरी दुखवट्याला दारावर जाऊन बसू लागले, रडून आले, तरी आबा गेले नाहीत. भाईदासच्या गावाचं नाव निघालं की छातीत धडधडायचं. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, ही भीती आहे, आणि गोळ्या लिहून दिल्या. आबांनी गोळ्यांचं पाकीटसुद्धा धुतलं.

जग मात्र सगळं विसरून मोकळं झालं. स्टँडच्या भिंती पुन्हा लाल झाल्या. लग्नात लोक एकाच पिंपात पेले बुडवून पाणी पिऊ लागले. कालपर्यंत तोंड बांधून फिरणारी माणसं आता समोर उभं राहून खुशाल शिंकतात आणि शिंकून हसतात. आबांना या साऱ्यांची किळस यायची. इतकी माणसं मेली, आणि तुम्ही एवढ्यात थुंकायला लागलात?

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी भाईदासच्या बायकोचा, कोकिळाबाईचा फोन आला.

"हिलालभाऊ, यंदा पित्तर म्हणीसन तुम्ही या. पंडितभाऊ पोऱ्याकडे सुरतले गयात."

खान्देशात आखाजीला गेलेल्या माणसासाठी घागर पुजतात आणि त्याच्या जागी एकाला पाटावर बसवून जेवू घालतात. तोच त्या दिवसाचा पितर. तो जेवल्याशिवाय घरातलं कुणी तोंडात घास घालत नाही. तीन वर्षं भाईदासचा चुलतभाऊ पंडित बसला होता.

आबांनी अंग दुखतंय म्हणून पाहिलं. प्रमिलाबाई समोर येऊन उभी राहिली.

"त्यास्ना डबा सतरा वर्षं खादा ना? जाशात की नही, तेवढं सांगा."

आबा गेले. खिशात घरचा चमचा, दुसऱ्या खिशात हात चोळायच्या औषधाची बाटली. एवढ्या तयारीनं माणूस जेवायला जातो की ऑपरेशनला, देव जाणे!

अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर पालथं खापर, आणि कोकिळाबाई मांडे करत होती. ज्यानं मांडा होताना पाहिला नाही त्याला आबांचं दुःख कळायचं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. वैशाखाचं ऊन, वर चुलीचा जाळ. कोकिळाबाईच्या दंडावरून घाम ओघळत होता. मांडा त्याच हातावर वाढत होता. आबा एकेक ओघळ कुठवर येतो ते बघत होते आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटत होतं, पण ते भुकेचं नव्हतं.

घागर पुजून झाली, चुलीत पितराच्या नावाच्या घासाची आगारी टाकली, आबांच्या कपाळाला भाईदासची मुलगी हेमांगी हिनं बोट टेकवलं. ताट आलं. मांडा, आमरस, कुरडया, भजी. रसाच्या वाटीवर माशी बसली होती, हेमांगीनं ती फुंकरीनं उडवली. फुंकरीनं! भिंतीला टेकून भाईदासची म्हातारी आई, जीजी, बसली होती. जीजीला साखरेचा आजार, दुपार टळलेली, सकाळपासून पोटात काही नाही. तिचे हात थरथरत होते.

आबांनी खिशातून चमचा काढला. चमच्यानं मांडा तुटेना. तो नुसता ताटभर फिरला. त्यांनी लाजून चमचा परत ठेवला, हातानं तुकडा तोडला, रसात बुडवला आणि ओठांपर्यंत नेला. पोटातून उमासा आला. घास खाली. पुन्हा वर. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी तो ताटात ठेवून दिला आणि मान खाली घातली. एका पाटावर बसून आपण अख्खं घर उपाशी ठेवलंय, हे त्यांना लख्ख दिसत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

कोकिळाबाई चुलीपासून उठून आली. पदराला हात पुसत समोर बसली.

"भाऊ, तुम्ही दारवर बसाले उनात नहीत त्याना माले राग नही," ती हळू म्हणाली. "तुम्ही त दूर व्हतात. मी आठेच व्हतू. दवाखानामां लई जावाना पहिले त्या मांगनी खोलीमां पडेल व्हतात. चार दिन मी त्यास्नं ताट झाडूना दांडाघाई ढकलं. मना नवराना मालेच किळस उनी."

हेमांगी आईकडे बघतच राहिली. हे तिला माहीत नव्हतं.

"त्या उलट सांगेत, तू दूर र्‍हाय."

ती उठली आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. आबांनी डोळे गच्च मिटले आणि घास तोंडात कोंबला. चावला नाही, ढकलला. मग दुसरा, तिसरा. किळस होतीच. प्रत्येक घासाला अंगावर काटा येत होता. अर्धा मांडा कसाबसा गेला आणि ते म्हणाले, "बस."

पितर जेवला. घर सुटलं. हेमांगी ताट उचलायला वाकली, पण जीजीनं सरपटत पुढे येऊन ताटाची कड धरली. उरलेला मांडा स्वतःकडे ओढला. आबांनी उष्ट्या हातानं तोडलेली बाजू होती तिथूनच तिनं तुकडा मोडला आणि त्यांच्याच वाटीत बुडवला.

"जीजी, नको!" आबा ओरडलेच. "मनं उष्टं शे ते!"

"तुनं कसानं?" म्हातारी बोळक्या तोंडानं चावत म्हणाली. "आज ते मना भाईदासनं शे."

ती खात राहिली. रस तिच्या हनुवटीवरून गळत होता. पाच वर्षं आबा साऱ्या जगाच्या थुंकीला भ्यायले होते, आणि त्यांची थुंकी ही बाई पोराची म्हणून खात होती. आबांना स्वतःची शिसारी आली. भाईदासच्या दारावर बसायला न आलेल्या, खिशात चमचा घेऊन आलेल्या त्या माणसाची.

खाता खाता जीजी थांबली. ताटाकडे आणि मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तू त काहीच खादं नही रे."

 आबा पाटावरून उठले आणि भिंतीपाशी, जीजीच्या शेजारी जमिनीवर बसले.

"बेटा," ते हेमांगीला म्हणाले, "माले आठे ताट वाढ. आखो एक मांडा."