बहिणीचे थांबे आणि माझं वजन

मी कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवते. ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं, की त्याबद्दल मला काही वाटेनासं झालं होतं.

मग गावातच दिलेली माझी धाकटी बहीण थकायला लागली. धुणं वाळत घालता घालता तिचे हात खाली यायचे. बोलताना पापण्या मिटायच्या. घरच्यांना वाटलं, रक्त कमी असेल. नागपूरच्या डॉक्टरांनी दंडातल्या स्नायूचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, हिच्या तंतुकणिका नीट काम करत नाहीत.

बहीण माझ्याकडे वळली. “ताई, हे तं तू पोरायले शिकवतं न? मंग दुरुस्त कसं करतात?”

ते कुठल्याच धड्यात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही; काही जीवनसत्त्वं देतो, बेताबेतानं चालत राहा.

मी वाचायला बसले. वाचताना आणखी एक गोष्ट हाती लागली. वय वाढतं तशा धडधाकट माणसाच्या तंतुकणिकाही मंदावतात, आणि चाळिशीनंतर वजन वाढण्यामागे हेही एक कारण असावं, असा काहींचा अंदाज आहे. माझं जेवण तेवढंच होतं आणि साड्यांचे ब्लाऊज मात्र दर दिवाळीला उसवावे लागत होते. म्हणजे बहिणीचं दुखणं आणि माझा घेर लांबचे नातलग निघाले.

डाळिंबाबद्दलही वाचलं. त्यातल्या द्रव्यापासून आपल्या आतड्यातले जंतू दुसरंच काही बनवतात आणि ते थकलेल्या तंतुकणिकांच्या उपयोगी पडतं का, हे तपासणं चालू आहे. गंमत म्हणजे सगळ्यांच्या पोटात ते बनत नाही. एकाच आईच्या आम्ही दोघी. कोणाच्या पोटात बनत असेल?

मी डाळिंबाच्या अर्काच्या गोळ्या मागवल्या आणि महिनाभर एकटीच घेतल्या. डबी बहिणीला सापडली.

“तुले कायले पाहिजे हे? तुले काय झालं?”

“तुला द्यायच्या आधी माझ्यावर बघत होते.”

तिनं डबी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, “डॉक्टरले इचारलं असतं तं?”

विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. “डबीवर लिहिलेलं आत असेलच असं नाही. हिच्या औषधांबरोबर ते कसं वागेल, मलाही माहीत नाही. डाळिंब खुशाल खा, फळ म्हणून.”

गोळ्या बंद झाल्या. रोज संध्याकाळी आम्ही एक डाळिंब अर्धं अर्धं खायचो आणि चिंतामणीच्या देवळात जायचो. तिथे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, त्यामुळे जाणं सोपं आणि येणं अवघड. वर येताना ती किती वेळा थांबली, ते मी वहीत लिहायचे. शेजारच्या रकान्यात माझं वजन.

सुरुवातीला ती पाचदा थांबायची. तीन महिन्यांनी दोनदा. माझं वजन दीड किलो उतरलं. मी तिला आणि वही घेऊन मोठ्या उत्साहानं नागपूरला गेले.

डॉक्टरांनी पानं चाळली. “याच काळात जीवनसत्त्वं सुरू झाली. तुमची बहीण रोज दुपारी झोपायला लागली. उन्हाळा संपला. तुम्ही दोघी रोज चालताय. आता यातलं डाळिंबाचं किती?”

मुलांना मी सांगते, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बहिणीच्या बाबतीत मी सगळं एकदम बदललं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि तरीही मला वही मिटवेना.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, “कायनं बरं वाटून राह्यलं ते राहू दे. वाटून राह्यलं न?”

तिचा आजार आहे तिथेच आहे. काही दिवस ती अंथरुणातून उठत नाही. पण गेल्या महिन्यात ती नणंदेकडे मारेगावला एसटीनं एकटी गेली. पोचल्यावर फोन केला आणि पहिलं वाक्य बोलली, “बसाले जागा नव्हती भेटली, वणीच्या फाट्यापर्यंत तासभर उभीच होती.”